नळीत राहणारे समुद्री कृमी : सुरुवात गावच्या तलावापासून

समुद्रात शेकडो जातींचे कृमी स्वतःसाठी नळी बांधतात आणि जवळपास सगळं आयुष्य तिच्यातच काढतात. कुणाची नळी वाळूच्या कणांची, कुणाची चुन्याची, कुणाची नुसत्या चिकट स्रावाची. घर सोडून हिंडायचं नाही म्हटल्यावर पोट कसं भरायचं, हा या सगळ्यांपुढचा प्रश्न, आणि प्रत्येक गटानं तो आपापल्या तऱ्हेनं सोडवलाय. ज्यांना हा विषय शिकायचाय, पण जे साकोली, अर्जुनी-मोरगाव, नागभीड नाहीतर मेहकरला राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझा आग्रह एकच: आधी नळी वाचायला शिका, कृमी नंतर. हे प्राणी भारी सावध असतात. तुमची सावली पडली की आत गुडूप. हाती उरते ती नळी. ती कशाची आहे, तिचं तोंड कुठं उघडतं, आजूबाजूला काय साचलंय, एवढं नीट पाहिलं की आतल्यानं काय खाल्लं असेल ते बऱ्याचदा सांगता येतं. हा सराव करायला कोकण गाठायची गरज नाही. आपल्या तलावांच्या गाळातही नळ्या बांधणारे आहेत. ते समुद्री नव्हेत, पण त्यांचे प्रश्न तेच आहेत.

पहिली पायरी : नातं समजून घ्या

शाळेच्या पुस्तकातला वलयी प्राण्यांचा संघ आठवा. गांडूळ, जळू आणि नेरीस ही त्यातली नेहमीची उदाहरणं. गांडूळ आणि जळू आपल्या ओळखीचे. नेरीस समुद्रातला, म्हणून परीक्षेपुरता पाठ करून आपण सोडून देतो. पण तोच महत्त्वाचा. तो पॉलिकीट गटातला. त्याच्या प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंना मांसल पायांची जोडी असते आणि त्यांवर ताठ केसांचे झुबके. नळीत राहणारे समुद्री कृमी बहुतांशी याच गटातले. त्यांच्यात बरेचसे केस आखूड होऊन त्यांचे बारीक आकडे झालेत, आणि ते आकडे नळीच्या आतल्या भिंतीत रुतवून कृमी घट्ट बसतो. म्हणून नळीतून कृमी ओढून काढायला जाऊ नये. तो सुटत नाही, तुटतो.

गांडूळ आणि तलावाच्या गाळातले लाल कृमी हे त्यांचे चुलत घराणं समजा. वर्गीकरणाचं एवढं पुरे.

दुसरी पायरी : घरातले शिंपले तपासा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात, पण समुद्री नळीकृमीची खरीखुरी नळी हातात घ्यायची विदर्भातली सर्वांत सोपी जागा म्हणजे आपल्याच घरातलं किंवा शेजारच्या आजीचं कपाट. जगन्नाथपुरी, रामेश्वर, गणपतीपुळे करून आलेली माणसं हमखास मूठभर शिंपले आणतात. दुकानातून घेतलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले बाजूला ठेवा. वाळूवरून उचललेले, खडबडीत शिंपले घ्या आणि भिंग लावून पाहा. एखाद्यावर पांढरी, वेडीवाकडी, दोऱ्याएवढी किंवा त्याहून जाड, कडक रेघ चिकटलेली दिसेल. ती नुसती रेघ नाही. ती सर्प्युलिड कुळातल्या कृमीची चुन्याची नळी. मानेभोवतीच्या कॉलरमधून चुना आणि स्राव पाझरतो आणि नळी तोंडाशी वाढत जाते, म्हणून तिच्यावर बऱ्याचदा आडव्या कड्या उमटलेल्या दिसतात. काही शिंपल्यांवर मोहरीएवढ्या, सपाट गुंडाळलेल्या पांढऱ्या चकत्या असतात. ते स्पायरॉर्बिस गटातले. त्यांना गोगलगायीचं पिल्लू समजण्याची चूक सर्रास होते.

एक फसगत ध्यानात ठेवा: काही समुद्री गोगलगायीसुद्धा अशाच चिकटलेल्या, वाकड्या नळ्या करतात. त्यांच्या नळीची आतली बाजू गुळगुळीत आणि चकाकती असते, कृमीच्या नळीची सहसा निस्तेज. तुटकी कड भिंगाखाली धरली की फरक कळतो.

तिसरी पायरी : तलावाचा गाळ आणा

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलावांना तोटा नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधत आणलेले हे तलाव. पुढं मालगुजारांकडे गेले म्हणून मालगुजारी, आणि बोलताना मामा. बुलढाणा-अकोल्याकडच्यांनी गावतळं, शेततळं किंवा नाल्यातला डोह पाहावा. लोणारला मात्र जाऊ नका. तिथलं पाणी खारं असलं तरी समुद्राचं नाही. ते सोड्याचं, प्रचंड अल्कधर्मी आहे. शिवाय ते अभयारण्य आहे, तिथून काहीच उचलायचं नसतं.

हंगाम हिवाळा संपतानाचा. पाणी पाळीपासून मागं सरतं आणि कडेचा मऊ गाळ उघडा पडायला लागतो. जागा निवडताना म्हशी बसतात त्या बाजूला किंवा शिंगाड्याच्या वेलांचा पालापाचोळा कुजतोय तिथं पाहा. जिथं कुजकं जास्त तिथं जीवाणू जास्त, आणि हे कृमी जगतात ते जीवाणूंवर. गावच्या नालीत तर ते लालेलाल गुच्छांनी मिळतील, पण नालीत हात घालू नका. ते सांडपाणी आहे, पोटाचे आजार त्यातूनच येतात.

तलावात मासेमारी चालत असेल तर आधी ढिवरबांधवांना विचारा. परवानगीचा भाग आहेच, पण त्यांच्याइतका गाळ दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतो. "काऊन जी सर, गाळात काय शोधून राहिले?" असं विचारत एखादे बाबा जवळ येतील, आणि कुठं पाय रुततो, कुठं जळवा जास्त, हे पाच मिनिटांत सांगून जातील. घोट्याच्या वर पाणी असेल तिथं एकट्यानं जायचं नाही. तलावाचा गाळ दिसतो त्याहून खोल असतो.

सोबत जुनं पत्र्याचं डबडं, बादली आणि पिठाची जुनी चाळणी असू द्या. ही चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही हे आधीच घरी सांगून टाका. वरचा चार बोटं गाळ उचला, तलावाच्याच पाण्यात चाळणी हलकेच हलवा. चिखल निघून गेला की काडीकचऱ्यात लाल दोरे वळवळताना दिसतील. चाळणीला चिकटलेला काडीकचरा आणि चाळलेला बारीक गाळ दोन्ही घरी आणायचे. पाणीसुद्धा तलावाचंच, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

चौथी पायरी : बरणी लावा आणि बसून राहा

काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. तळाशी तीन-चार बोटं चाळलेला गाळ, वर वीतभर तलावाचं पाणी, त्यात कृमी सोडा. सावलीत, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. पहिल्या दिवशी पाणी गढूळ राहील, काही दिसणार नाही. सकाळपर्यंत गाळ बसतो आणि मग पृष्ठभागावर लाल, केसाएवढ्या शेपट्या पाण्यात डुलताना दिसतात. हे ट्युबिफेक्स आणि त्याचे भाऊबंद. पाळीव माशांच्या दुकानात जिवंत खाद्य म्हणून विकतात ते हेच.

डुलतेय ती शेपटी, डोकं नव्हे. डोकं खाली गाळात आहे. नळीचं वरचं टोक गाळाच्या बाहेर किंचित उभं राहिलेलं असतं, स्राव आणि मातीच्या कणांनी बांधलेलं. भिंगातून ती कड पाहून घ्या, पुढे कामी येईल. खाली गाळात प्राणवायू नसतो पण अन्न भरपूर. वर प्राणवायू असतो पण अन्न नाही. म्हणून तोंड खाली, शेपटी वर. लाल रंग हिमोग्लोबिनचा, तो कमी प्राणवायूतही काम भागवतो.

एखाद्या जाड शेपटीवर वर-खाली दोन ओळींत बारीक तंतू दिसले तर ती ब्रँकियुरा. हे तंतू म्हणजे तिचे कल्ले. ही जात १८९२ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बेडार्ड यांनी पहिल्यांदा वर्णन केली, तीही लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या गरम हौदातून. मूळची मात्र ती आशियातली मानतात, आणि आपल्या तळ्यांत ती अगदी सामान्य आहे.

लाल दिसलं की कृमीच, असं मात्र समजू नका. डोकं ठळक, काळपट, टणक असेल, शरीराला मोजून डझनभर खंडं असतील आणि उचलल्यावर पाण्यात आठाच्या आकड्यात वळवळत पोहत असेल, तर ती कायरोनोमस माशीची अळी. तीही नळी बांधते, रेशमाची. यातल्या काही जातींची अळी नळीत आडवं रेशमी जाळं विणते, अंग हलवून पाणी त्यातून खेचते, जाळ्यात कण अडकले की जाळ्यासकट सगळं खाते आणि पुन्हा नवीन विणते. ही युक्ती ध्यानात ठेवा, समुद्रात ती पुन्हा भेटणार आहे.

आता तीन प्रयोग. पहिला साधा: बरणीवर टिचकी मारा. शेपट्या क्षणात आत जातील. परत बाहेर यायला किती वेळ लागतो तो मोजा. दुसरा: बरणी काठोकाठ भरून झाकण लावा आणि काही तास ठेवा. प्राणवायू कमी होत गेला की शेपट्या जास्त लांब बाहेर येतात. पाहून झालं की झाकण उघडा, विसरू नका.

तिसऱ्या प्रयोगाला दिवस लागतात, पण हाच खरा. विटेची भुकटी वस्त्रगाळ करून, थोड्या पाण्यात कालवून, ड्रॉपरनं गाळावर अगदी पातळ थर बसेल अशी सोडा. काळ्या गाळावर तांबडा पापुद्रा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपट्यांच्या बुडाशी काळे, बारीक, लांबट दाणे साचायला लागतील. ती विष्ठा. कृमी खालचा गाळ खातो आणि वर टाकतो. दाणे वाढत जातात, तांबड्या थरावर पसरतात, आणि काही दिवसांत तो थर काचेच्या कडेनं पाहिलं तर गाळाच्या आत गेलेला दिसतो. वीट खाली सरकलेली नाही. खालचा गाळ उचलून तिच्यावर टाकला गेलाय. काचेवर रोज पेनानं खूण करत गेलात तर थर किती खोल गेला ते मोजता येईल. समुद्राच्या तळावर असंच काम करणारे कृमी आहेत, आणि तिथलाही वरचा गाळ असाच सतत उलथापालथ होत असतो.

पाचवी पायरी : समुद्रातल्या नळ्या वाचा

आता चित्रं, व्हिडिओ आणि जमलं तर किनारा. प्रत्येक नळीला तेच तीन प्रश्न विचारा: कशाची, तोंड कुठं, भोवती काय.

तोंड वर, पाण्यात उघडं, आणि नळी मऊ चिखलाची किंवा कडक चुन्याची असेल तर आतला बहुधा गाळून खाणारा. सॅबेलिड आणि सर्प्युलिड कुळं ही. डोक्यावर पिसांचा तुरा असतो. प्रत्येक पिसावर बारीक शाखा आणि शाखांवर सूक्ष्म रोम. रोम हलून पाण्याचा प्रवाह तुऱ्यातून जातो, कण अडकतात आणि पिसाच्या मधल्या पन्हळीतून खाली तोंडाकडे सरकतात. सॅबेलिडची पुढची करामत सुपात धान्य पाखडल्यागत असते: पन्हळीच्या आकारानंच कणांचे तीन वाटे पडतात. जाडे बाहेर फेकले जातात, सर्वांत बारीक तोंडात जातात, आणि मधले? ते तोंडाखालच्या पिशव्यांत साठवून, स्रावात कालवून नळीच्या कडेला लावले जातात. म्हणजे जेवणं आणि घर बांधणं ही एकाच तुऱ्याची दोन कामं. माशानं तुरा तोडून नेला तरी तो पुन्हा उगवतो.

बहुतेक सर्प्युलिडांच्या तुऱ्यातलं एक पीस बदलून त्याचं बूच झालेलं असतं. आत शिरताना ते शेवटी ओढलं जातं आणि दार बंद. तुमच्या शिंपल्यावरच्या नळीलाही बहुधा हेच बूच असणार, आता ते सुटून गेलंय इतकंच. प्रवाळांत रुतून बसणारा स्पायरोब्रँकस हा दोन रंगीत चक्राकार तुऱ्यांचा कृमी याच कुळातला. फोटोंमध्ये सगळ्यांत आधी हाच भेटतो, आणि लोक त्याच्यावरच थांबतात. मला त्याच्यापेक्षा पुढचे जास्त आवडतात.

खडकावर वाळूच्या नळ्यांची एकमेकींना चिकटलेली दाट वस्ती दिसली तर ते सॅबेलारिया गटातले. ते एकेक वाळूचा कण पारखून, प्रथिनांच्या सिमेंटनं पाण्याखालीच चिकटवतात. यांना लाटा लागतात, कारण वाळू आणि अन्न दोन्ही लाटाच वर उचलून आणतात. शांत डबक्यात अशी वस्ती शोधू नका.

वाळूतल्या नळीच्या तोंडाभोवती लांब, पांढुरके, दोऱ्यासारखे तंतू पसरलेले दिसले तर टेरेबेलिड. तो पाणी गाळत नाही, जमीन चाटतो म्हणा. शरीराच्या कितीतरी पट लांब जाणारे तंतू वाळूवर पसरतात, त्यांच्या पन्हळीतून कण तोंडाकडे वाहत येतात. नळीच्या जवळचं सगळं खाऊन झालं तरी तंतू आणखी लांबवायचे, जागा सोडायची नाही.

शंकूच्या आकाराची, एका कणाच्या जाडीची, वाळूचे दाणे नीट बसवून केलेली सुटी नळी किनाऱ्यावर मिळाली तर ती पेक्टिनेरियाची. ही पाहिली की तुमची बरणी आठवा. हाही डोकं खाली करून राहतो, सोनेरी ताठ केसांनी गाळ उकरतो, खालचं खातो, वर टाकतो. फरक एवढाच की हा नळीसकट सरकू शकतो.

चामड्यासारख्या, यू आकाराच्या नळीची दोन टोकं वाळूतून वर आलेली असतील तर कीटॉप्टेरस. शरीरावरचे तीन पंखे हलवून तो एका टोकानं पाणी आत घेतो, दुसऱ्यानं सोडतो. मध्ये स्रावाची पिशवी ताणून धरतो, पाणी तिच्यातून गाळलं जातं, पिशवी भरली की तिची गोळी करून तोंडाकडे पाठवतो आणि गिळतो, पिशवीसकट. कायरोनोमसच्या अळीनं तळ्यात केलं तेच, दोघांचं नातं लांबचंही नसताना. त्यातून हा अंधारात निळा चमकतो. आयुष्य नळीत काढणाऱ्याला चमकून काय मिळतं, यावर अजून एकमत नाही.

आणि शेवटी डायोपॅट्रा. नळीचा वरचा बोटभर भाग शिंपल्यांच्या तुकड्यांनी, शेवाळानं, काड्यांनी सजवलेला. बाकी हातभर खाली गाळात. एवढा कचरा कशाला? तिथं लहान जीव येऊन बसतात, शेवाळ वाढतं, आणि जबडे असलेला हा कृमी बाहेर वाकून दोन्हींवर ताव मारतो. नळी म्हणजे त्याचं शिकारीचं ठिकाण.

सहावी पायरी : हमखास येणारे प्रश्न

मुलं पहिला प्रश्न विचारतात तो विष्ठेचा, आणि प्रश्न रास्त आहे. नळी मागून बंद असेल तर घाण जाते कुठं? सॅबेलिड आणि सर्प्युलिडमध्ये शरीरावर एक रोमांची पन्हळ असते, तिच्यातून विष्ठा मागून पुढं, नळीच्या तोंडापर्यंत आणली जाते आणि पाण्यात सोडली जाते.

पिल्लं? बहुतेक जाती अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. अळी काही काळ पोहते, मग योग्य पृष्ठभाग सापडला की बसते. जीवाणूंचा पातळ थर चढलेला पृष्ठभाग हायड्रॉइडिससारख्या सर्प्युलिडांना बसायची खूण देतो. नव्या बोटीच्या तळाला आधी बुळबुळीतपणा येतो आणि मग कृमी, ते यामुळे.

सगळ्यांचं रक्त लालच असतं का? नाही, कित्येक सॅबेलिड-सर्प्युलिडांचं हिरवट असतं, क्लोरोक्रुओरिन या रंगद्रव्यामुळे.

तोंडच नसलेला कृमी खरा आहे का? आहे. १९७७ साली गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर भूगर्भशास्त्रज्ञ ॲल्विन पाणबुडीतून गरम झरे शोधायला उतरले आणि त्यांना माणसाहून उंच नळ्यांची रांगच सापडली. त्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. या रिफ्टिया नावाच्या कृमीला मोठेपणी ना तोंड, ना आतडं. शरीरात जीवाणू भरलेले असतात. लाल तुरा पाण्यातून प्राणवायू आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही शोषतो, जीवाणू सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर जगतो. हे जीवाणूंचं कोडं सोडवण्यात कॉलीन कॅव्हनॉ यांचा मोठा वाटा, आणि १९८१ साली त्यांनी ते मांडलं तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. तलावाचा खोल काळा गाळ उपसताना येतो तोच.

सातवी पायरी : किनाऱ्यावर जाणार असाल तर

गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाला सरळ रेषेत मोजलं तर बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा जवळ पडतो. तरी नवख्यानं कोकण-मुंबईचा खडकाळ किनाराच निवडावा. पश्चिमेकडे पाणी जास्त ओसरतं आणि ओहोटीत खडक मोकळे होतात. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'सारखे गट जाणत्या माणसांबरोबर किनारफेऱ्या काढतात, पहिल्यांदा अशाच फेरीत जावं.

वेळ काढायला पंचांग पुरतं. कोकणचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन वाजता. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त ओसरतं, पण त्या दिवशी ओहोटी येते पहाटे सव्वापाचच्या सुमारास, अंधारात. द्वितीया धरा: भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला, उजेड चांगला. निघण्यापूर्वी छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी वेळ ताडून घ्याच. पावसाळ्यात जाऊ नका.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर खडकांवर पोचा आणि पाण्याच्या मागोमाग खाली जा. पकड असलेले बूट हवेत. हिरवं शेवाळ तलावाच्या पायऱ्यांहून घसरडं असतं. पाणी साचलेल्या खळग्याजवळ उन्हाकडे तोंड करून बसा, म्हणजे सावली मागं पडेल. मग हलू नका. तुरे एकदा आत गेले की बाहेर यायला मिनिटं लागतात. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवा. प्रवाळावर पाय देऊ नका, कायद्यानं तो संरक्षित आहे. आणि बाटलीत कृमी भरून विदर्भ एक्स्प्रेसनं आणायचा विचार असेल तर सोडून द्या. पाणी तापतं, प्राणवायू संपतो, इगतपुरीच्या पुढं काही जगत नाही. फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. वहीत जात लिहायची घाई नको. नळी कशाची, तोंड कुठं, भोवती काय, पाणी वाहतं की साचलेलं, एवढं जागेवरच लिहा. पाण्याला पाठ करून लिहीत बसू नका, आणि पाणी वर यायला लागलं की वही मिटून निघा.